तार जागेवर येते का?

जुने वाद्य विकत घेताना काय पाहावे, याचे शिक्षण मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, म्हैसूरच्या अशोकपुरम् भागातल्या एका लहानशा खोलीत, तासाभरात मिळाले. शिकवणारे गृहस्थ रेल्वेच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले होते, आणि वाद्य त्यांनीच विकायला काढले होते. विक्रेत्यानेच गिऱ्हाइकाला दोष शोधायची विद्या शिकवावी, हा प्रकार मला नवा होता. तोवर जवळजवळ तीस वर्षे मी ग्रंथांचे मूल्यमापन करीत आलो होतो. मर्ढेकरांचा संवाद, विरोध आणि समतोल वर्गावर्गांतून शिकवला होता. ‘मूल्य’ या शब्दावर व्याख्याने दिली होती, त्या शब्दाचा दुसरा, बाजारातला अर्थ सोयीस्करपणे बाजूला ठेवून. त्या खोलीत तो दुसरा अर्थ समोर येऊन बसला.

२०१३च्या ऑक्टोबरात भारतीय भाषा संस्थानातल्या एका अनुवाद-कार्यशाळेच्या निमित्ताने मी म्हैसूरला गेलो होतो. १९६९ साली स्थापन झालेली ही संस्था मानसगंगोत्रीच्या परिसरात आहे. सकाळी कुक्करहळ्ळी तलावाकाठी फिरायचे, दिवसभर शब्दांच्या छटांवर वाद घालायचा आणि संध्याकाळी गावात जायचे, असा क्रम होता. दसरा होऊन आठवडा उलटला होता. राजवाड्याभोवतीची गर्दी ओसरली होती, देवराज मार्केटातला फुलांचा भाव उतरला होता. बडोद्याच्या सयाजीरावांचे नाव मिरवणाऱ्या रस्त्यालगत एका गल्लीत तारा आणि तबल्याची कातडी विकणारे एक दुकान होते. त्याच्या भिंतीवर, वीणेच्या तारांच्या पुडक्यांशेजारी, एक पोस्टकार्ड टाचणीने लावलेले दिसले. वर कन्नड आणि खाली इंग्रजी मजकूर होता : पेडल असलेली स्टील गिटार विकणे आहे, आठ तारा, पाहायला यावे.

मी थांबलो. थांबण्याचे कारण पुढे येईलच. आधी वाद्याविषयी चार शब्द सांगायला हवेत, कारण हे वाद्य आपल्याकडे आता फारसे दिसत नाही.

गिटार मांडीवर आडवी ठेवून, पडद्यांवर बोटे न दाबता, तारांवरून पोलादाचा गुळगुळीत तुकडा सरकवीत वाजवण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर रूढ झाली. तिचे श्रेय सामान्यतः जोसेफ केकुकू या तरुणाला दिले जाते. हिंदुस्थानात जन्मलेल्या गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या एका खलाशाने ती त्याच्या आधीच वापरली होती, असेही सांगितले जाते. १९१५च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनाने हे संगीत अमेरिकाभर पसरवले. १९३२ मध्ये बाजारात आलेली पहिली यशस्वी विद्युत्-गिटार हीदेखील मांडीवरची स्टील गिटारच होती. १९४०च्या दशकात टाउ मो हा हवाईयन कलावंत कुटुंबासह कलकत्त्यात राहिला आणि तिथल्या मध्यमवर्गाला या वाद्याचे वेड लागले. पुढे व्हॅन शिपले यांनी चित्रपटगीतांच्या धुना तिच्यावर वाजवल्या, आणि ब्रिजभूषण काबरा यांनी तिला रागदारीच्या बैठकीत आणून बसवले. १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या जोडीला जी गिटार आहे ती त्यांचीच. १९९४ मध्ये विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेला ग्रॅमी पारितोषिक मिळाले, ती वीणाही याच कुळातली.

म्हैसूरला मात्र हे कूळ परके नव्हते. दक्षिणेत पडदे नसलेल्या वीणेवर लाकडी दंडगोल सरकवीत वाजवण्याची कला आहे. त्या वाद्याला गोट्टुवाद्य म्हणतात, अलीकडे चित्रवीणा. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याला मैफलीत प्रतिष्ठा मिळवून देणारे तिरुविडैमरुदूरचे सखाराम राव हे तंजावरी मराठी परंपरेतले. त्यांचे शिष्य नारायण अय्यंगार यांना म्हैसूर दरबाराचा आश्रय लाभला आणि अय्यंगारांचे नातू रविकिरण यांचा जन्म १९६७ मध्ये म्हैसूरलाच झाला. मराठी माणसाने कावेरीकाठी उभे केलेले वाद्य मराठी वाचकाला माहीत नसावे, याचे मला त्या दिवशी वाईट वाटले. खरे तर मलाही ते म्हैसूरला जाईपर्यंत माहीत नव्हते.

पेडल ही यानंतरची, अमेरिकेतली भर. मांडीवरच्या गिटारीत अडचण अशी, की पोलादी कांडी सरळ असते. त्यामुळे सगळ्या तारा एकदमच वर किंवा एकदमच खाली जातात. तारांचा मेळ एकच, आणि तो बदलायचा तर वादन थांबवून खुंट्या पिळाव्या लागतात. यावर उपाय म्हणून वाद्य चार पायांवर उभे करून त्याखाली पेडल बसवण्यात आली. पेडल दाबले की ठरावीक तार ठरावीक अंतराने ताणली जाते, आणि सोडले की मूळ जागी येते. १९५४ साली वेब पियर्स या गायकाच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्स या वादकाने स्वर वाजत असतानाच पेडल दाबून एका स्वरातून दुसरा स्वर उमलवला. त्यानंतर त्या देशातल्या ग्रामीण गाण्यांची कल्पना या वाद्यावाचून करता येईना.

अशोकपुरम्‌चे फिटर यांतले काही वाचून शिकले नव्हते. म्हैसूरचा रेल्वे कारखाना १९२४चा. तिथे त्यांनी चौतीस वर्षे काढली. तरुणपणी कुठल्याशा ध्वनिफितीवर त्यांनी हा आवाज ऐकला, एका जुन्या मासिकात छायाचित्र पाहिले, आणि कलकत्त्याच्या बनावटीची एक आठतारी विद्युत्-गिटार घेऊन तिला स्वतःच्या हाताने दोन पेडल जोडली. नकाशा नव्हता. पेडलपासून तारेपर्यंतची ओढ त्यांनी सायकलच्या ब्रेकच्या केबलने साधली होती. अमेरिकेतल्या फेंडर कंपनीनेही १९५०च्या दशकाच्या अखेरीस आपल्या पेडल-गिटारीत केबलच वापरल्या होत्या, हे मला फार पुढे कळले. त्यांना ते कधीच कळले नव्हते. म्हैसूरला अशा उठाठेवींची परंपराच आहे म्हणायची. ध्वनिक्षेपक नव्हते त्या काळात मागच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचावा म्हणून टी. चौडय्या यांनी व्हायोलिनच्या चार तारांच्या सात केल्या, त्याही याच गावात.

“बसा, सार,” ते म्हणाले, आणि वाद्यावरचे धुवट कापड काढले. दोन्ही पेडलांवर वाळलेल्या कुंकवाची बोटे उमटलेली होती. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रे आणि अवजारे पुजतात, तशी तिकडे आयुधपूजा होते. त्या दिवशी त्यांनी पाने, पकडी, हातोडी आणि गिटार एकाच पाटावर मांडली होती. वाजवायला बसण्यापूर्वी त्यांनी वाकून दोन्ही पेडलांना हात लावला आणि तो डोळ्यांना लावला. वाद्याला पाय लागणे हा आपल्याकडे दोष आहे. हे वाद्य तर पायावाचून बोलतच नाही. म्हणून क्षमा आधीच मागून ठेवायची. मला आमच्या संगीत नाटकांतल्या पायपेट्या आणि ऑर्गन आठवले. भाता पायाने चालवणाऱ्या त्या वादकांनी पायांचे समाधान काय करून घेतले असेल, हा प्रश्न मला नाट्यसंगीतावर इतके लिहूनही कधी पडला नव्हता.

मग तो तासाभराचा पाठ झाला. वीणा किंवा तंबोरा जुना होतो तेव्हा लाकूड मुरते. मिरजेतही जुन्या तंबोऱ्याचा शब्द आदराने घेतात. वीणेचे मेण सैल झाले तर पडदे नव्या मेणात पुन्हा बसवता येतात. पेडलच्या गिटारीचे तसे नाही, ते म्हणाले. ती अर्धी वाद्य आहे आणि अर्धी यंत्र. वाद्य जुने होऊन सुधारते, यंत्र जुने होऊन झिजते. तेव्हा घेणाऱ्याने झळाळी पाहू नये, पडद्यांच्या रेघा पाहू नयेत, कारण त्या नुसत्या खुणा आहेत, कांडी त्यांना टेकत नाही. त्याने तार छेडावी, पेडल दाबावे आणि सोडावे. दाबल्यावर स्वर कुठे जातो यापेक्षा सोडल्यावर तार जागेवर येते का, हे ऐकावे. शंभरदा दाबून शंभरदा जागेवर आली तर वाद्य चांगले. केसभर वर राहिली तर स्प्रिंग थकली, किंवा केबल कुठेतरी घासते आहे.

त्यांनी दाखवले. षड्ज, गंधार आणि पंचम यांचा मेळ होता. उजव्या पेडलाने गंधाराचा मध्यम होई, डाव्याने पंचमाचा धैवत. दोन्ही एकदम दाबली की षड्ज जागच्या जागी राही आणि बाकीचे दोन स्वर त्याच्याभोवती हलके वर सरकत, जणू एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेल्यासारखे. शास्त्राने अचल ठरवलेला पंचम असा पायाने हलताना ऐकून मी चमकलो. उजवे पेडल सोडताच मध्यमाचा पुन्हा गंधार झाला, अगदी नेमका. डावे सोडले तेव्हा पंचम किंचित चढा राहिला. मला तो दोष कळला नसता. “डावे अडते,” त्यांनीच सांगितले. “दहांत दोनदा. लक्षात ठेवा.”

परीक्षणे लिहिताना आम्ही आधी गुण सांगतो आणि शेवटच्या परिच्छेदात, ‘तथापि’ या शब्दाच्या आडून, दोषांकडे वळतो. या माणसाने दोषापासून आरंभ केला होता.

किंमत त्यांनी अठरा हजार सांगितली, छोट्या अॅम्प्लिफायरसह. मी पंधरा म्हणालो. प्राध्यापकाला घासाघीस शोभत नाही असे आम्ही मानतो, आणि संधी मिळाली की करतो. ते रागावले नाहीत. त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिले, आणि विचारले, “यारु नुडिसोदु?”

कोण वाजवणार? मी सांगलीचा. सीमेवरच्या माणसाला येते तेवढे कन्नड मला येते. पण त्या क्रियापदापाशी मी क्षणभर अडलो. ‘नुडि’ म्हणजे शब्द, वाणी. ‘नुडिसु’ म्हणजे बोलायला लावणे. आपण मराठीत सगळीच वाद्ये वाजवतो, कन्नड माणूस वीणेला बोलती करतो. त्या प्रश्नात किंमत नव्हती, गिऱ्हाईकही नव्हते. हिला बोलती कोण करणार, एवढेच त्यांना हवे होते.

“अण्णा,” मी म्हणालो. “अण्णा नुडिसुत्तारे.”

अण्णा म्हणजे थोरला भाऊ, हे दोन्ही भाषांत सारखेच. भाषांतराची गरज पडली नाही. त्यांचा चेहरा सैल झाला आणि पंधरा हजारांत व्यवहार ठरला. त्या एका शब्दाला तीन हजारांची किंमत आली. त्यातली गोम दिवसभर भाषांतराच्या चर्चेत बसलेल्या माझ्या लक्षात यायला हवी होती. ‘नुडिसुत्तारे’ या एका रूपात वाजवतात आणि वाजवतील असे दोन्ही अर्थ मावतात. भूतकाळ मात्र मावत नाही. आणि खरे उत्तर भूतकाळात होते.

अण्णाने गिटार वाजवली ती १९७१ ते १९८० या काळात. मी अकरा वर्षांचा होतो तेव्हा त्याने कोल्हापुरातून एक जुनी, कलकत्त्याकडची हवाईयन गिटार आणली. तो तेव्हा अठरा वर्षांचा होता. सांगलीच्या गावभागातल्या आमच्या माडीवर, संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी, तो ती मांडीवर घेऊन बसे. रेडिओ सिलोनवर ऐकलेल्या धुना, एखादे नाट्यपद, कधी नुसताच भूप. आईला ते वाद्य रडके वाटे. मला त्यात एक गोष्ट कळे : अण्णाची कांडी स्वरावर उडी मारीत नसे, चालत जाई, आणि जिथे पोहोचायचे तिथेच थांबे. त्या वाद्यावर बोट अडवायला पडदा नसतो. थांबायचे कुठे हे फक्त कान सांगतो. अण्णाच्या कानाबद्दल मला त्या वयातही शंका नव्हती.

१९७९ साली वडील गेले. पुढच्या वर्षी मला एम. ए.साठी पुण्याला जायचे होते. वसतिगृहाची आगाऊ रक्कम आणि खानावळीची अनामत भरायची होती. अण्णाने गिटार तीनशे पंचवीस रुपयांना विकली आणि स्वतः इचलकरंजीला एका यंत्रमागाच्या कारखान्यात दिवाणजी म्हणून लागला. हिशेब लिहायची खोली निराळी नव्हती. मागांच्या ओळींच्या टोकाला एक मेज होते. तिथे तो बत्तीस वर्षे बसला. मी पदवी मिळवली, प्रबंध लिहिला, विभागप्रमुख झालो. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात अण्णाचे नाव होते. गिटारीचे नव्हते. तो आकडा मात्र माझ्या डोक्यातून कधी गेला नाही. म्हैसूरच्या त्या भिंतीवरचे पोस्टकार्ड वाचताना मी थांबलो ते यामुळे. तीनशे पंचवीस रुपये परत करण्याची सोय मला तिथे दिसली.

वाद्याचे पाय सोडवून, धड घोंगडीत गुंडाळून मी ते मिरजेला येणाऱ्या गाडीने आणले आणि दिवाळीच्या पाडव्याला अण्णापुढे ठेवले. तो वर्षभरापूर्वीच निवृत्त झाला होता. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग खाली वाकून केबली पाहिल्या, एक पेडल हाताने दाबले, आणि म्हणाला, “हे कुणी केलं? डोकेबाज माणूस आहे.” कांडी हातात घेतली तेव्हा हसला. इचलकरंजीत कांडी म्हणजे धोट्यातली सुताची कांडी. बत्तीस वर्षे त्याने त्या कांड्यांचेच हिशेब लिहिले होते.

चार दिवस त्याने एकट्याने हात बसवला. भाऊबिजेनंतरच्या रविवारी मला बोलावले. वहिनीने चहा ठेवला. अण्णाने भूप सुरू केला.

पहिल्या काही स्वरांतच मला कळले, आणि कळले नसते तर बरे झाले असते. षड्ज ठीक होता, कारण तो उघड्या तारेचा होता. गंधाराकडे कांडी गेली ती पूर्वीसारखीच, चालत, घाई न करता, आणि स्वराच्या अलीकडे थांबली. केसभर नव्हे, चांगली बोटभर. धैवताचे तेच. थांबण्यात कसलाही संकोच नव्हता. त्याच्या लेखी तो स्वरावर पोहोचला होता. मधेच त्याने उजवे पेडल दाबले. भूपात मध्यम नाही, त्याने तो गमतीने घेतला असावा. म्हैसूरच्या फिटरने पायात बांधून दिलेले ते गंधारापासून मध्यमापर्यंतचे अंतर अचूक वाजले. यंत्राने मोजलेले तेवढे बरोबर होते. कानाने मोजायचे ते चुकत होते.

तो कमी ऐकतो हे घरात सगळ्यांना माहीत होते. आम्ही मोठ्याने बोलत असू, त्याला कानयंत्र घेऊन दिले होते, आणि वयाचा दोष म्हणून विषय संपत असे. मागांच्या खडखडाटात वर्षानुवर्षे बसणाऱ्यांचे कान जातात हेही वाचलेले होते. आधी वरचे, बारीक आवाज जातात, मग हळूहळू बाकीचे. यंत्राने बोलणे कळते, स्वर कळेलच असे नाही. ही सगळी माहिती माझ्याकडे सुटी सुटी होती. ती एका वाक्यात कधी आली नव्हती. त्या सकाळी आली. मी तीनशे पंचवीस रुपयांचा हिशेब मनात ठेवून होतो, आणि खर्ची पडले होते ते निराळेच.

वादन संपले. अण्णाने कांडी खाली ठेवली आणि विचारले, “कसं वाटलं?”

आयुष्यात हा प्रश्न मला शेकडो लेखकांनी विचारला आहे. पुष्कळांना मी कटू उत्तरे दिली आहेत, आणि समीक्षकाचा धर्म म्हणून त्याचा थोडा अभिमानही बाळगला आहे. मी म्हणालो, “छान. हात अजून तसाच आहे.”

हात तसाच होता, हे खरे होते. शब्दशः खरे बोलून खोटे सांगण्याची ही रीत आमच्या व्यवसायात सगळ्यांना अवगत असते.

अण्णा माझ्याकडे पाहत राहिला. मग शांतपणे म्हणाला, “मला वरचे सूर ऐकू येत नाहीत रे. पण तुझं तोंड दिसतं.”

वहिनी चहाचे कप उचलून आत गेली. मी काहीतरी सारवासारव करू लागलो तेव्हा त्याने हातानेच थांबवले. म्हणाला, “वाईट वाटून घेऊ नकोस. मला शंका होतीच, पण विचारायचं कुणाला? हिला सुरातलं कळत नाही, आणि शेजारी चांगलंच म्हणतात. म्हणून तुला बोलावलं.” मग बऱ्याच वेळाने, “ती जुनी गिटार कुणी नेली, आठवतं तुला?” मला फक्त रक्कम आठवत होती. त्याला माणूस आठवत होता. हरिपूरचा एक पोरगा सायकलवरून आला होता. पैसे मोजण्याआधी तो माडीवर बसला आणि त्याने तारा सुरात लावल्या, आणि इतक्या चांगल्या लावल्या की अण्णाने त्याला पंचवीस रुपये सोडले. साडेतीनशे ठरले होते. “तो वाजवणारा होता,” अण्णा म्हणाला. “मग मला त्याचं काही वाटलं नाही. ही पण अशीच कुणाला तरी दे.”

मी तेहेतीस वर्षे जो आकडा जपला होता, त्यात पंचवीस रुपये कमी का होते, ते मला त्या दिवशी कळले.

वाद्य विकत घेण्यापेक्षा विकणे अवघड असते. वर्ष-दीड वर्ष ते अण्णाच्या पुढच्या खोलीत कापडाखाली होते. २०१५ साली मी शब्द टाकला, तेव्हा पहिले गिऱ्हाईक आले ते पुण्यात उपाहारगृहे सजवणारे. त्यांना दर्शनी भिंतीपाशी काहीतरी जुने हवे होते. डावे पेडल अडते असे मी सांगू लागलो, तर म्हणाले, त्याची चिंता नको, ते चालण्याची गरजच नाही. पंचवीस हजार देत होते. दुसरे कोल्हापूरचे जुन्या सामानाचे व्यापारी. त्यांनी वाद्याची मनातल्या मनात विल्हेवाट लावली : तारांखालचे चुंबक निराळे, खुंट्या निराळ्या, अॅम्प्लिफायर निराळा. त्यांचा आकडा नऊ हजारांचा होता. हे दोघेही आपापल्या परीने चोख माणसे होती. एकाला वस्तू हवी होती, दुसऱ्याला तिचे भाग. मी दोघांनाही विचार करून कळवतो म्हणालो. पंचवीस हजारांना नाही म्हणताना जीव थोडा कासावीस झाला, हे लपवण्यात अर्थ नाही.

तिसरा मिरजेचा. विशीतला, तंतुवाद्ये बनवणाऱ्या एका कारखान्यात पॉलिशचे काम करणारा. लग्नसमारंभांतल्या वाद्यवृंदात साधी हवाईयन गिटार वाजवीत असे. चपला दाराबाहेर काढून आत आला, वाद्याखाली आडवा झाला आणि केबलींवरून बोट फिरवीत राहिला. मग उठून बसला. “दोष काय आहे, सर?” त्याने पहिल्यांदा हेच विचारले. मी सांगितला. त्याने तारा सुरात लावल्या. त्यात पाव तास गेला. आणि मग, कुणी न शिकवता, एकेक पेडल दाबून सोडू लागला, कान तारेशी नेऊन. अण्णा समोर खुर्चीत बसला होता. तो वाद्याकडे पाहत नव्हता. मुलाच्या तोंडाकडे पाहत होता. डाव्या पेडलाच्या सातव्या की आठव्या खेपेला मुलाच्या कपाळावर बारीकशी आठी पडली.

“याला दे,” अण्णा म्हणाला.

मी किंमत बारा हजार सांगितली. म्हैसूरला एका शब्दाच्या बळावर सोडवून घेतलेले तीन हजार माझे नव्हतेच. बारापैकी सात त्याने तेव्हाच दिले, बाकीचे पाच हजार दोन हप्त्यांत, ठरल्या तारखांना. टेम्पोत चढवताना पेडलांवरच्या फिकट कुंकवाला त्याचा हात लागला आणि त्याने विचारले, हे कसले? मी सांगितले. त्याने ते पुसले नाही.

त्यानंतर काही दिवसांनी मी म्हैसूरला फोन केला. करणे टाळीत होतो. दोन वर्षांपूर्वीचे माझे वाक्य त्यांच्या लक्षात असणार याची खात्री होती, आणि तसेच झाले. “अण्णा हेगिद्दारे?” त्यांनी पहिला प्रश्न केला. अण्णा कसे आहेत? मी मोडक्या कन्नडात आणि हिंदीत सगळे सांगितले : माग, कान, तो रविवार, मिरजेचा मुलगा. अण्णा पूर्वी वाजवीत असत, मी घेतली तेव्हा वाजवीत नव्हते, हेही सांगितले. पलीकडे शांतता होती. चौतीस वर्षे कारखान्यात घालवलेल्या माणसाला कानांविषयी मी निराळे काही समजावण्याची गरज नव्हती. रागावले असावेत असे मला वाटले.

“आणि ते डावे पेडल?” त्यांनी विचारले.

मुलाने नवी स्प्रिंग घातली आहे, मी म्हणालो.

“स्प्रिंग नव्हे, सार,” ते लगबगीने म्हणाले. “केबल वळणाशी घासते. केबल बदलायला हवी, आणि वळणाला थोडे मेण. मीच करायचे राहिलो. त्याला सांगा.”

तो निरोप मी त्याच संध्याकाळी मिरजेला कळवला.